संगीत पदवीची प्रवेश चाचणी: अर्जापासून परीक्षकांसमोरच्या बैठकीपर्यंत

बारावीनंतर गायन किंवा वादन हाच मुख्य विषय घेऊन विद्यापीठाची पदवी मिळवता येते, ही गोष्ट अनेक घरांत मुलगा किंवा मुलगी बारावीच्या वर्षात गेल्यावरच चर्चेला येते. तोवर संगीत हे संध्याकाळच्या शिकवणीचे, शाळेबाहेरचे शिक्षण असते. अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेशाच्या तारखा घरोघरी पाठ असतात; संगीताच्या प्रवेशाबाबत तसे होत नाही. परिणामी, गळा तयार असलेला विद्यार्थी अर्जाची मुदत चुकल्यामुळे वर्ष गमावतो आणि सात परीक्षांची प्रमाणपत्रे घेऊन आलेला विद्यार्थी दहा मिनिटांच्या चाचणीत अडखळतो. या दोन्ही गोष्टी टाळण्यासारख्या आहेत.

संगीताच्या पदवीला सामान्यतः दोन दारांतून जावे लागते. पहिले दार कागदाचे: पात्रता, गुणपत्रिका, ऑनलाइन अर्ज आणि काही ठिकाणी लेखी परीक्षा. दुसरे प्रात्यक्षिक चाचणीचे, ज्याला सर्वत्र ऑडिशन म्हटले जाते. पहिले दार चुकले तर दुसरे उघडतच नाही. मात्र निवडीचा खरा कौल बहुधा दुसऱ्या दारातच लागतो.

विद्यापीठात संगीत कसे आले

संगीत वर्गात, अभ्यासक्रमाने आणि परीक्षा घेऊन शिकवावे, ही कल्पना उत्तर हिंदुस्थानात रुजवण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा सुरू झाली आणि तिची धुरा मौलाबक्ष यांच्याकडे होती. पुढे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संगीताला स्वतंत्र विद्याशाखेचे स्थान मिळाले. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय आणि १९२६ मध्ये लखनऊला मॅरिस कॉलेज उभे राहिले. लखनऊच्या या संस्थेचे प्राचार्यपद पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांनी दीर्घकाळ सांभाळले. ही संस्था २००० मध्ये अभिमत विद्यापीठ झाली आणि २०२२ पासून ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने राज्य विद्यापीठ आहे.

बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९५० मध्ये संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याचे प्रमुखपद पलुसकरांचे शिष्य पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे आले. खैरागढच्या राजघराण्याने दिवंगत राजकन्या इंदिरा हिच्या स्मरणार्थ आपला राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. आज छत्तीसगढमध्ये असलेले हे विद्यापीठ पूर्णतः कलाशिक्षणाला वाहिलेले आहे. दिल्ली विद्यापीठाची संगीत विद्याशाखा १९६० ची आहे.

हा इतिहास अर्ज भरणाऱ्याच्याही उपयोगाचा आहे. भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा मूळ ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांनी मांडलेली दहा थाटांची रचना आणि त्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’तील बंदिशी आजही उत्तर भारतातील बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमाचा कणा आहेत. पलुसकर परंपरेच्या परीक्षा देत आलेल्या विद्यार्थ्याला स्वरलेखनाची वेगळी पद्धत ठाऊक असते आणि येथे एक फसवी जागा आहे. भातखंडे पद्धतीत स्वरावरचे टिंब तार सप्तक दर्शविते, तर पलुसकर पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाचे असते. तालाच्या खुणांतही असाच फरक आहे. जेथे लेखी परीक्षा आहे, तेथे कोणती पद्धत अपेक्षित आहे हे आधी पाहून घेतलेले बरे.

अर्ज: तारखा आणि कागदपत्रे

देशभरातील संगीत पदवीसाठी एकच सामायिक प्रवेशप्रक्रिया नाही. केंद्रीय विद्यापीठांत पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून ‘सीयूईटी’ ही सामायिक परीक्षा लागू झाली आहे. दिल्ली, बनारस आणि शांतिनिकेतन येथे संगीत शिकू इच्छिणाऱ्यांना तिची दखल घ्यावी लागते. या परीक्षेच्या विषयांत ‘परफॉर्मिंग आर्ट्स’ हा विषय आहे आणि मराठीसह १३ भाषांत ती देता येते. मात्र प्रश्न बहुपर्यायी असल्याने गळा वा हात येथे तपासला जात नाही. त्यासाठी विद्यापीठे स्वतंत्र प्रात्यक्षिक चाचणी घेतात. दोन्हींच्या गुणांना किती वजन द्यायचे, हे त्या त्या विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात दिलेले असते.

सर्वाधिक विद्यार्थी चुकतात ते येथेच. सीयूईटीची नोंदणी बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी, बोर्डाच्या परीक्षांच्या सुमारास किंवा त्याहीपूर्वी, सुरू होऊन संपते. निकाल हाती आल्यावर ‘आता संगीताचे पाहू’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला केंद्रीय विद्यापीठांचा मार्ग त्या वर्षापुरता बहुधा बंद झालेला असतो. अर्ज करताना कोणते विषय निवडले, यावरही पुढची पात्रता ठरते. म्हणून नोंदणीपूर्वीच इच्छित विद्यापीठाची विषयांची अट वाचणे आवश्यक ठरते.

राज्य विद्यापीठांचे वेळापत्रक निराळे असते. तेथील अर्ज साधारणपणे बारावीच्या निकालाच्या आसपास निघतात आणि चाचण्या उन्हाळ्याच्या अखेरीस वा पावसाळ्याच्या तोंडावर होतात. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने संगीत, नृत्य व नाट्य शिकवले जाते. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि महिलांसाठी एसएनडीटी विद्यापीठ हे महाराष्ट्रातील आणखी परिचित पर्याय होत. गुजरातमध्ये २०२४ पासून राज्य विद्यापीठांच्या प्रवेशांसाठी सामायिक पोर्टल आले आहे. त्यामुळे बडोद्याला जाऊ इच्छिणाऱ्याने केवळ विद्याशाखेच्या सूचनाफलकावर अवलंबून राहू नये.

बारावी कोणत्या शाखेतून केली, याला बहुतेक ठिकाणी महत्त्व नसते. विज्ञान वा वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही संगीताच्या पदवीला पात्र ठरतो. बारावीला संगीत विषय असणे काही ठिकाणी लाभाचे असते, पण ती सरसकट अट नाही.

दुसऱ्या राज्यात अर्ज करणाऱ्यांना कागदपत्रांची अडचण अधिक येते. इंदूर, जबलपूर, हैदराबाद वा बेळगाव येथे शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला महाराष्ट्रातील विद्यापीठात, आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला बाहेर, स्थलांतर प्रमाणपत्र लागते. काही ठिकाणी राज्यातील रहिवाशांसाठी जागा राखीव असतात. एका राज्याचे जातप्रमाणपत्र दुसऱ्या राज्याच्या आरक्षणासाठी सामान्यतः ग्राह्य धरले जात नाही; केंद्रीय विद्यापीठांत केंद्राच्या यादीनुसार आणि केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. हे दाखले मिळवायला आठवडे लागतात, तर चाचणीनंतर प्रवेश निश्चित करायला काही दिवसच मिळतात.

प्रमाणपत्रांचे मोल

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षा महाराष्ट्रातील असंख्य मुले देतात. उत्तरेत प्रयागच्या प्रयाग संगीत समितीच्या किंवा चंडीगढच्या प्राचीन कला केंद्राच्या परीक्षा प्रचलित आहेत. या परीक्षांनी छोट्या गावांपर्यंत शिस्तबद्ध शिक्षण नेले, यात शंका नाही. तथापि, दोन गैरसमज दूर होणे आवश्यक आहे.

पहिला असा, की ‘विशारद’ म्हणजे पदवी. काही राज्यांनी व विद्यापीठांनी विशिष्ट कामांपुरती विशारदला पदवीसमकक्ष मान्यता दिली असली, तरी ती विद्यापीठाची पदवी नव्हे. पदव्युत्तर प्रवेशासाठी ती चालेल की नाही, हे त्या विद्यापीठाच्या नियमावरच ठरते. दुसरा गैरसमज असा, की विशारद झालेल्याला प्रवेश मिळणारच. बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र ही जोडपत्रांतील एक नोंद असते. परीक्षक ती पाहतात, बाजूला ठेवतात आणि तानपुरा सुरू करायला सांगतात.

याचे कारण दोन परीक्षांच्या स्वरूपात आहे. मंडळाच्या परीक्षेत ठरलेल्या रागांच्या ठरलेल्या बंदिशी तयार करून मांडायच्या असतात. प्रवेश चाचणीत, काय येते यापेक्षा पुढच्या तीन-चार वर्षांत काय शिकवता येईल, हे पाहिले जाते. तयार मांडणीमागे कान आहे की केवळ पाठांतर, हाच तेथला प्रश्न असतो.

आकाशवाणीच्या ऑडिशनशी तुलना केली की हा फरक अधिक स्पष्ट होतो. तेथे कलाकाराचे ध्वनिमुद्रण नाव न कळता ऐकले जाते आणि बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी दिली जाते. म्हणजे तयार झालेल्या कलेचे मूल्यमापन होते. महाविद्यालयाच्या चाचणीत विद्यार्थी परीक्षकांच्या समोर बसलेला असतो. त्याला मध्येच थांबवले जाते, सुचवले जाते, पुन्हा गाऊन घेतले जाते.

चाचणीच्या खोलीत

चित्र थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखे असते. बाहेरच्या ओसरीत वीस-पंचवीस जण बसलेले असतात आणि आतून यमन ऐकू येत असतो. थोड्या वेळाने पुन्हा यमन. यमन हा सुरुवातीच्या शिक्षणाचा राग असल्याने तोच सर्वाधिक गायला जातो. त्यामुळे तो गाणाऱ्याने बिचकण्याचे कारण नाही. परीक्षकांना रागाच्या नावीन्याचे अप्रूप नसते. उलट पाचव्या यमनात निषाद नेमका लागला तर तो त्यांच्या कानाला लगेच जाणवतो. दरबारी किंवा मारव्यासारखा राग धाक दाखवण्यासाठी निवडून त्यातील स्वरलगाव न पेलल्याने जे नुकसान होते, ते मोठे असते.

प्रथम स्वर विचारला जातो. येथे अनेकांची पहिली अडचण होते. ‘कोणत्या पट्टीत गाता?’ या प्रश्नाला ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’, ‘काळी चार’ असे थेट उत्तर देता आले पाहिजे, कारण साथीचा तबला त्यानुसार निवडला व जुळवला जातो. तानपुरा कसा लावायचा हेही ठाऊक असावे. पंचम वर्ज्य असलेल्या मालकंसाला पंचमात लावलेला तानपुरा घेऊन बसणारा विद्यार्थी पहिला स्वर लावण्यापूर्वीच आपली उणीव दाखवून देतो. घरी मोबाइलवरील तानपुऱ्यावर रियाज करताना हा विचार कधी करावाच लागलेला नसतो.

मग आपल्या पसंतीचा राग. विलंबित ख्याल सुरू होतो आणि तीन-चार मिनिटांत परीक्षक ‘आता द्रुत घ्या’ म्हणतात. हे थांबवणे नापसंतीचे लक्षण मानून अनेकजण खचतात. ते योग्य नाही. दिवसभरात सर्वांना ऐकायचे असते आणि जे जोखायचे ते थोड्या वेळात कळलेले असते. षड्जाचा लगाव, आवाजाचा मोकळेपणा, समेवर येण्याची सहजता, आलापाचा क्रम या गोष्टींना फार वेळ लागत नाही. ताना जलद असल्या आणि त्यांतील स्वर पुसट असले, तर त्या न घेतलेल्या बऱ्या.

यानंतरचा भाग निर्णायक असतो आणि त्याची तयारी सर्वांत कमी केलेली असते. परीक्षक स्वतः एक स्वरसमूह गातात आणि तो आकारात म्हणायला सांगतात, नंतर त्याचे स्वर ओळखायला सांगतात. हार्मोनियमवर एक स्वर धरून तो कोणता, असे विचारतात. हाताने ताल धरून झपतालाची दुगुन म्हणायला लावतात. एकाच स्वरांच्या दोन रागांतील भेद विचारतात. भूप आणि देशकार हे त्यातले ठरलेले उदाहरण. दोघांतही सा, रे, ग, प, ध हेच शुद्ध स्वर. भूपात गंधार वादी आणि चलन पूर्वांगात, तर देशकारात धैवत वादी आणि चलन उत्तरांगात. एक रात्रीचा राग, दुसरा सकाळचा. हे शब्दांत सांगणारे अनेक असतात. ‘आता गाऊन दाखवा’ म्हटल्यावर देशकार गाता गाता भूपात शिरणारे त्याहून अधिक.

उत्तर आले नाही तर काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांना छळतो. एखादी गोष्ट शिकलेली नसेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. त्यानंतर परीक्षक बहुधा ती गोष्ट तेथेच थोडी शिकवतात आणि पुन्हा म्हणून घेतात. विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात ती पकडतो का, हेच त्यांना पाहायचे असते. चुकीचे उत्तर ठामपणे रेटणाऱ्याला ही संधी मिळत नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक नाजूक बाब असते. वयात येताना फुटलेला आवाज सतराव्या-अठराव्या वर्षी नुकताच स्थिरावत असतो. लहानपणी स्पर्धा गाजवलेल्या मुलाला आपली जुनी उंच पट्टी सोडवत नाही आणि चाचणीत तार षड्जावर आवाज दाटतो. चाचणीच्या आधी गुरूंच्या सल्ल्याने पट्टी खाली आणण्यात गैर काही नाही. परीक्षकांनी असे आवाज पुष्कळ ऐकलेले असतात. ओढून ताणून गायलेला आवाजही त्यांना तितकाच लवकर ओळखू येतो.

वादकांची चाचणी

तबल्यासाठी तीनतालात स्वतंत्र वादन अपेक्षित असते: पेशकार, कायदा व त्याचे पलटे, रेला, तुकडे, चक्रदार. वाजवण्यापूर्वी वा नंतर पढंत करायला सांगतात, म्हणजे बोल हाताने ताली-खाली दाखवत तोंडाने म्हणायचे. हातात असलेला कायदा तोंडी म्हणता आला नाही, तर तो समजून शिकलेला नाही असे मानले जाते. लेहऱ्याला जो हार्मोनियमवादक असेल, त्याच्याशी विद्यार्थ्याची ओळख नसते. त्याने धरलेली लय टिकवणे हीच एक परीक्षा असते. अनेक ठिकाणी विलंबित एकतालाचा ठेका नुसता काही आवर्तने वाजवून घेतात. यात दाखवण्यासारखे काही नसते आणि म्हणूनच सारे काही दिसते.

चाचण्या जून-जुलैत आल्या की चामड्याला दमट हवा बाधते. घरी नीट जुळलेला तबला प्रवासानंतर उतरलेला असतो. स्वतःचे वाद्य नेणाऱ्याने हातोडी सोबत ठेवावी आणि जुळवण्यासाठी वेळ राखून पोहोचावे. संस्थेचा तबला वापरायचा असेल तर आधी दोन मिनिटे मागून घ्यावीत. ती कोणी नाकारत नाही.

सतार, सरोद, बासरी, व्हायोलिन यांसाठी स्वतःचे वाद्य न्यावे लागते. सतारीला आलाप-जोड, मसीतखानी व रजाखानी गत अपेक्षित असते. तुटलेल्या तारेच्या जागी दुसरी जवळ असणे आणि ती स्वतः चढवता येणे, एवढे तरी असावे. तरफा जुळवताना विद्यार्थ्याचा कान परीक्षकांना आयताच दिसतो. हार्मोनियम हे मुख्य वाद्य म्हणून शिकण्याची सोय सर्व विद्यापीठांत नाही, हे अर्जापूर्वी पाहून घ्यावे.

करोनाच्या साथीनंतर, म्हणजे २०२० पासून, काही संस्थांनी प्राथमिक निवडीसाठी चित्रफीत मागवायला सुरुवात केली. चित्रफीत सलग, न जोडलेली असावी. त्यात तानपुरा स्पष्ट ऐकू यावा आणि वादकाचे दोन्ही हात दिसावेत. प्रतिध्वनी मिसळून गोड केलेले ध्वनिमुद्रण संशयाला जागा देते.

संस्था निवडताना

एकाच विद्यापीठाच्या पदवीवर एकच शिक्का असला, तरी चार वर्षे कोणासमोर बसून शिकायचे, हा प्रश्न नावाने सुटत नाही. संगीताच्या वर्गात शिक्षकाचा आवाज, त्याची शैली आणि त्याचे घराणे विद्यार्थ्याच्या गळ्यात उतरत जाते. किराणा पद्धतीने शिकलेल्या मुलीला आग्रा अंगाने शिकवणाऱ्या गुरूंकडे जाऊन नवे काही मिळेल, पण पहिले वर्ष गोंधळाचे जाईल. म्हणून अर्जापूर्वी विभागाला भेट देणे, कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरील किती, आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष तालीम मिळते, साथसंगतीला तबलावादक मिळतो का, हे विचारणे अधिक उपयोगाचे. या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकात नसतात; दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ती अगदी मोकळेपणाने देतात.

सध्याच्या गुरूंचे काय, हाही प्रश्न मोठा आहे. पदवीसाठी गाव सोडले की दहा वर्षांची तालीम तुटते. काही कुटुंबे म्हणूनच गुरूंच्या शहरातील विद्यापीठ निवडतात, मग तेथील विभाग तुलनेने लहान का असेना. कलाकार होण्याचे ध्येय असेल तर हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पदवीने मैफल मिळत नाही, हे संगीताच्या क्षेत्रात कोणीही सांगेल. पदवीने शाळा-महाविद्यालयांतील अध्यापनाचा, नेट परीक्षेचा आणि संशोधनाचा मार्ग उघडतो, आणि कलाकाराच्या अनिश्चित उत्पन्नाला तो आधार लहान नसतो. घरात या दोन बाबींची सरमिसळ न करता बोलणे झाले, तर चाचणीला बसणाऱ्या मुलावरचा भारही कमी होतो.

पदवीचा आग्रह नसलेल्यांसाठी कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी हा वेगळा पर्याय आहे. १९७७ पासूनच्या या गुरुकुलात निवडक शिष्य गुरूंच्या सान्निध्यात राहून शिष्यवृत्तीवर शिकतात. तेथील निवड अधिक कठोर असते आणि अपेक्षित तयारी विद्यापीठाच्या प्रवेशाहून बरीच वरची.

पाश्चात्त्य संगीताच्या इच्छुकांची वाट निराळी आहे. भारतात त्यांची पूर्वतयारी बहुधा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा एबीआरएसएमच्या श्रेणी परीक्षांनी होते. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आणि गोव्यातील शिक्षणपरंपरा हे देशातील पर्याय आहेत. तेथील चाचणीत स्वरलिपी पाहून तत्काळ वाजवणे हा भाग असतो आणि हिंदुस्थानी पद्धतीने शिकलेल्याला तो सर्वस्वी नवा असतो.

खर्च, शिष्यवृत्ती आणि पुढचे पाऊल

सार्वजनिक विद्यापीठांतील संगीताचे शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मानाने बरेच कमी असते. खरा खर्च वसतिगृह, वाद्य आणि प्रवासाचा. दोन-तीन शहरांतील चाचण्यांना पालकांसह जाणे हाही अनेकांना भार होतो. त्यामुळे अर्ज पुष्कळ न करता, जेथे प्रवेश मिळाल्यास खरोखर जायचे आहे तेथेच करणे शहाणपणाचे ठरते.

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, शिष्यवृत्ती १९८२ पासून चालत आली असून तिच्यासाठी १० ते १४ या वयोगटातील मुलांची निवड होते. बारावीच्या वर्षात तिचा विचार करणे उशिराचे असते. सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयोगटासाठी असून ती दोन वर्षे दरमहा ५,००० रुपयांची असते. तिच्यासाठीही परीक्षकांसमोर कला सादर करावी लागते. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील विद्यार्थी तिला अर्ज करू शकतात.

निवड यादीत नाव न आल्यास प्रतीक्षा यादीवर लक्ष ठेवावे. अनेक विद्यार्थी एकाच वेळी दोन विद्यापीठांत निवडले जातात आणि शेवटच्या दिवसांत जागा रिकाम्या होतात. काही विभागांत पदवीबरोबरच अर्धवेळ प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम चालतात. त्यांत वर्षभर शिकून पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी देणाऱ्यांना तेथील शिक्षक आणि अपेक्षा दोन्ही परिचयाच्या झालेल्या असतात.

प्रवेश निश्चित झाल्यावर वसतिगृहाचा अर्ज करताना एक गोष्ट अवश्य विचारावी, ती म्हणजे रियाजाची जागा आणि वेळ. सर्व विद्याशाखांच्या सामायिक वसतिगृहात पहाटे पाचला षड्ज लावणाऱ्याबद्दल शेजारच्या खोलीतून तक्रार यायला आठवडाही लागत नाही. ज्या विभागांत रियाजाच्या खोल्या सकाळी लवकर उघडतात, तेथे त्यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात, हे पहिल्याच दिवशी माहीत करून घ्यावे.